‘मी’पलीकडचे रोमँटिक कवी

इंग्रजी रोमँटिक कविता म्हणजे ‘मी’ची कविता, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. कवी डोंगरात एकटा हिंडणार, निसर्गात स्वतःचंच मन पाहणार आणि वाचकाने ते मन कौतुकाने न्याहाळायचं. या मताला आधारही होता. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तलावाकाठी वर्डस्वर्थने डॅफोडिलची फुलं पाहिली, तेव्हा त्याची बहीण डोरोथी बरोबर होती. आपल्या रोजनिशीत तिने त्या फुलांचं फार जिवंत वर्णन केलं आहे. १८०७ मध्ये छापलेल्या कवितेत मात्र कवी एकटाच. बहिणीला वगळून उभा केलेला तो एकांत मला खटकायचा. बायरनच्या नायकांचा मानी एकलेपणा तर त्याहून असह्य वाटायचा.

हे मत बदललं कीट्समुळे. कीट्स वैद्यकीचा विद्यार्थी. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये तो शल्यचिकित्सकाच्या हाताखाली जखमा बांधायचा, आणि ईथरची भूल यायला अजून तीस वर्षं होती. १८१६ मध्ये व्यवसायाचा परवाना मिळाला, पण लवकरच कवितेसाठी त्याने ती वाट सोडली. धाकटा भाऊ टॉम क्षयाने आजारी पडला, तेव्हा शुश्रूषा त्यानेच केली. १ डिसेंबर १८१८ रोजी टॉम गेला. त्याच आजारपणात, ऑक्टोबरात, कीट्सने एका पत्रात लिहिलं की कवीला स्वतःचं असं व्यक्तित्व नसतंच, तो सतत दुसऱ्या कुणात तरी शिरत असतो. वर्डस्वर्थच्या आत्ममग्न भव्यतेहून आपली जात वेगळी, असंही त्याने तिथेच सांगून टाकलं. माझा सगळा आक्षेप बावीस वर्षांच्या एका रोमँटिक कवीने आधीच नोंदवून ठेवला होता!

पुढच्या वर्षी, १९ सप्टेंबर १८१९ रोजी, विंचेस्टरला त्याने ‘टू ऑटम’ लिहिली. मधमाश्या, सरवा वेचणारी आकृती, सफरचंदांचा रस काढणारा घाणा, चिलटं, पाकोळ्या; साऱ्यांना तिथे जागा आहे. ‘मी’ हा शब्द मात्र कुठेही नाही. स्वतःच्या दुःखाबद्दल बोलायचा हक्क असलेल्या माणसाने ही कविता लिहिली, हे ध्यानात आलं आणि मी बाकीच्यांकडे परत वळले.

वर्डस्वर्थ आणि कोलरिज यांच्या १७९८च्या ‘लिरिकल बॅलड्स’मध्ये मला आता थकलेला म्हातारा शिकारी, मंदबुद्धी मुलगा, निराधार बाई दिसू लागली. कोलरिजचा खलाशी एका पक्ष्याला मारल्याचं ओझं जन्मभर वाहतो. ब्लेक धुराडी साफ करणाऱ्या पोरांवर लिहितो आणि त्या कवितांचे ताम्रपट स्वतः कोरतो. १८१९ मध्ये मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानात निःशस्त्र जमावावर घोडेस्वार घातले गेले, तेव्हा शेली इटलीत होता; त्याने तिथून लिहिलेली दीर्घ कविता त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८३२ मध्ये छापली गेली. बायरनने तर १८१२ मध्ये लॉर्ड्स सभागृहातलं आपलं पहिलं भाषण, यंत्रं मोडणाऱ्या विणकरांना फाशी देऊ पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध केलं.

केशवसुतांवर या कवींचा प्रभाव होता, हे आपण शाळेपासून ऐकतो. ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ लिहिणाऱ्या कवीला त्यांच्यात काय जवळचं वाटलं असेल, ते मला आता उमगतं.

उतारवयातल्या वर्डस्वर्थबद्दल मात्र माझं मत तसंच आहे. १८४३ मध्ये राजकवी झालेल्या त्या माणसात फ्रेंच क्रांतीने भारावलेला तरुण मला सापडत नाही.

या कवींकडे नव्याने जायचं असेल तर ‘टू ऑटम’पासून सुरुवात करा. तीनच कडवी आहेत, मोठ्याने वाचा. आणि डोरोथीची रोजनिशी तिच्या भावाच्या कवितांशेजारी ठेवून वाचा. तिचा तो हक्क आहे.