शिकल आणि संहिता

शस्त्राला शिकल करतो तो शिकलगार. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द महाराष्ट्रात आज बहुधा आडनाव म्हणूनच कानावर पडतो. परंतु लोखंड घासून, उजळून, त्यास तेलाचा हात देऊन सांभाळणारा हा कारागीर एके काळी प्रत्येक शिलेखान्याची गरज होता. अध्यापनाच्या निमित्ताने चेन्नईस राहणे झाले आणि एळुंबूर येथील शासकीय संग्रहालयातील शस्त्रदालन पुनःपुन्हा पाहता आले, तेव्हा ह्या शब्दाकडे माझे लक्ष नव्याने गेले.

त्या दालनातील अनेक शस्त्रे तंजावरच्या भोसल्यांच्या शिलेखान्यातली आहेत. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसावाचून निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. तंजावरचे मोडी कागद पुष्कळसे टिकले. शिलेखान्यातील लोखंड मात्र १८६०च्या दशकात मोडीत निघाले. १८५१ साली स्थापन झालेल्या ह्या संग्रहालयासाठी त्यांतून जी शस्त्रे निवडून घेतली गेली ती वाचली.

वाचली, तरी ती आली समुद्रकाठच्या गावी. खाऱ्या, दमट हवेतील क्लोराइड लोखंडात शिरते आणि वरचा गंज खरवडला तरी आत आपले काम चालू ठेवते. गंज म्हणजे धातूवर बाहेरून बसलेला मळ नव्हे. तो धातूचेच रूपांतर होय. म्हणून बंदुकीच्या जुन्या नळीचे मूळ पृष्ठ, त्यावरील नक्षी वा अक्षरे, पुष्कळदा गंजाच्या थरातच शिल्लक असतात. गंज सरसकट काढला की ती अक्षरेही गेली.

चालू वापरातील बंदुकीच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. तेथे प्रथम तेलाचा अंश धुऊन काढतात, बारीक खरीचा जोरदार मारा करून पृष्ठ खरखरीत करतात, फॉस्फेटचा थर देतात, मग रंगाचे पातळ हात देऊन तो भट्टीत भाजतात. अथवा तीव्र क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवून लोखंडावर काळ्या ऑक्साइडचे निळसर कवच आणतात. रंग टिकतो तो मुख्यतः ह्या पूर्वतयारीमुळे. बोटाचा घाम लागला तरी तेवढ्या जागी तो सुटतो. ह्या सर्व खटाटोपाचा हेतू एकच, की एकदा बसलेला थर पुन्हा निघू नये.

संग्रहालयातही पूर्वतयारी असते, हेतू मात्र नेमका उलटा. चेन्नईच्या संग्रहालयात १९३०पासून रासायनिक संरक्षणाचे काम चालू आहे, एस. परमशिवन हे त्याचे आरंभीचे रसायनज्ञ. अशा कामात सुटा गंज भिंगाखाली हळूहळू काढतात. क्षारयुक्त पाण्यात वस्तू बुडवून, ते पाणी बदलत राहून क्लोराइड उतरवितात. ती वाळवून टॅनिनचा हात देतात. हिरडा आणि हिराकस ह्यांच्या शाईत जी काळी छटा येते, तीच येथे लोखंडावर येते. ही क्रिया सहजी उलटविता येत नाही, म्हणून ती जपून करावी लागते. शेवटी ॲसिटोनमध्ये विरघळणारे रोगण किंवा मेण देतात. पुढच्या पिढीला अधिक चांगला उपाय सापडला तर आपला थर तिला काढता यावा, अशी ही सोय असते.

येथे मला आपल्या ग्रंथव्यवहाराचे स्मरण होते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांतरांनी ग्रंथ मलिन झाला होता. तो त्यांनी निर्मळ केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. शिकल आणि टिकाऊ लेप ही दोन्ही कामे एकाच हातून झाली. त्यांच्यावाचून आपल्या हाती कोणती ज्ञानेश्वरी आली असती हे सांगणे कठीण आहे. तथापि त्यांनी काय काढले, कोठून काढले, ह्याची नोंद त्यांनी ठेविली नाही. त्यापूर्वीच्या पाठाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकास ती उणीव पदोपदी जाणवते.

ह्यात नाथांना दोष देण्याचा हेतू नाही, जसा तो शिकलगारालाही देता येणार नाही. वर्षानुवर्षे त्याचा हात फिरला नसता तर निवडून घेण्याजोगे शस्त्र तंजावरास उरलेच नसते. त्याच्यापुढे उद्याची लढाई होती, नाथांपुढे उद्याचे कीर्तन. दोघांनाही वस्तू वापरात ठेवावयाची होती. आपण संपादक आणि अनुवादक मात्र ज्या ग्रंथांस हात लावतो, ते पुष्कळदा वापरातून गेलेले असतात. त्यांना झळाळी आणण्याचा मोह होतो, आणि वाचकालाही झळाळी आवडते. दालनातील काळसर, मंद नळ्यांपाशी लोक फारसे थांबत नाहीत. लखलखीत पात्यांपाशी थांबतात. त्या नळ्यांवर अजून काही वाचता येण्याजोगे असू शकते, आणि पुढे कोणी ते वाचावयास आला तर आपला लेप त्याच्या आड येता कामा नये, एवढी काळजी आपल्या कामातही घेता येईल असे मला वाटते.