शिळी चंद्रकोर

नागपूर हे एक शहर नव्हे. तीन शहरांची ती एकावर एक रचलेली चवड आहे. महाल आणि इतवारी हे भोसल्यांचे शहर. सदर आणि सिव्हिल लाइन्स हे इंग्रजी अमलाबरोबर वाढलेले शहर. आणि धरमपेठ-रामदासपेठ हे आपल्यासारख्या नोकरदार, वाचणाऱ्या, महिन्याचा हिशेब लिहिणाऱ्या लोकांचे शहर. पाहुण्याला हे नागपूर दाखवायचे झाले की सारे त्याला ताज्या पक्वान्नांकडे नेतात. संत्रा बर्फी झाली, तर्री-पोहे झाले, सावजीचा झणझणीत रस्सा झाला. मी मात्र वाचकांना आज कालच्या अन्नाच्या वाटेने हिंडवणार आहे. गावाचा थाट ताज्या ताटात दिसतो. स्वभाव दिसतो तो शिळ्यात.

आरंभ महालापासून करू. तिथल्या जुन्या वाड्यांत रात्रीच्या उरलेल्या पोळीला सकाळी दोन वाटा मोकळ्या असत. पहिली फोडणीची. पोळी हाताने कुस्करायची. मोहरी, हिंग, कांदा, मिरचीची फोडणी द्यायची, वर लिंबू. दुसरी गुळातुपाची. तोच कुस्करा मळून त्याचे लाडू वळायचे, म्हणजे मलिदा. यात कोणालाही कमीपणा वाटत नसे. श्रावणातल्या शीतला सप्तमीला तर चूल थंड ठेवून आदल्या दिवशीचे खाणे हाच धर्म. 'शिळ्या कढीला ऊत' म्हणून आपण नाक मुरडतो खरे. पण ज्या भाषेला फावल्या वेळातल्या सुखाला 'शिळोप्याच्या गप्पा' म्हणावेसे वाटले, तिचे शिळ्याशी अगदीच वाकडे नसावे.

तिथून सदरला यावे. येथे पोळीचे राज्य संपते आणि भट्टीचे सुरू होते. या भागात आनसी गावच्या मिशनऱ्यांनी १८७० साली सेंट फ्रान्सिस डी सेल्स शाळा काढली. आनसी म्हणजे आज फ्रान्समध्ये असलेले, आल्प्सच्या कुशीतले गाव. छावणी, चर्च, पारशी घरे, रेल्वेचे अधिकारी अशी इथली वस्ती, आणि अशा वस्तीला पाव लागतोच. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. तो पाव उरला की बेकरीवाला त्याच्या चकत्या पाडतो, मंद आचेवर पुन्हा भाजतो आणि काचेच्या बरणीत भरतो. तो आपला टोस्ट. चहात बुडवून खाताना तो आपण दोनदा भाजलेला खातो हे कोणाच्या ध्यानीही नसते. 'बिस्किट' या शब्दाच्या पोटात तरी दुसरे काय आहे? लॅटिनमधल्या 'दोनदा' आणि 'शिजवलेले' या दोन शब्दांचा तो संसार. पक्ष्याला आणि दाताला संस्कृतात द्विज म्हणतात, कारण दोघांचे जन्म दोन. त्या न्यायाने टोस्टही द्विजच, आणि या द्विजत्वाला कुळाची अट नाही.

आता धरमपेठ. वेस्ट हायकोर्ट रोडच्या आसपास हल्ली ज्या नव्या बेकऱ्या झाल्या आहेत, त्यांच्या काचेआड क्रॉसाँ नावाचा फ्रेंच पदार्थ मांडलेला असतो. या शब्दाचा अर्थ वाढती चंद्रकोर. १६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात तुर्कांच्या निशाणावरची कोर पाहून तिथल्या भट्टीवाल्यांनी तो घडवला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट रंगतदार आहे; पुरावा मात्र नाही. खरे एवढेच, की व्हिएन्नाकडे किप्फर्ल नावाचा कोरीच्या आकाराचा पाव जुना होता, आणि १८३८-३९ च्या सुमारास ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन गृहस्थाने पॅरिसमध्ये व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढल्यावर तो फ्रेंचांच्या जिभेवर बसला. लोण्याचे पापुद्रे पुढे तिथेच आले.

ही चंद्रकोर आपल्याला अगदीच परकी नाही. साट्याची करंजी डोळ्यांपुढे आणा. लाटलेल्या पोळ्यांवर तूप आणि तांदळाची पिठी फेसून केलेला साटा लावायचा, पोळ्या एकावर एक ठेवून गुंडाळायच्या, कापून पुन्हा लाटायच्या. तळताना पदर सुटतात. क्रॉसाँतही तेच. कणकेच्या पोटात लोण्याची चपटी वडी घालून तीनदा तिपदरी घडी घातली की लोण्याचे सत्तावीस थर होतात. आचेवर लोण्यातल्या आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती पदर उचलते. आकार तोच, पदर तेच. सारण मात्र नाही. आणि नेमकी हीच उणीव शिळेपण भरून काढते!

शिळे होणे म्हणजे सुकणे, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो. थंड झाल्यावर त्याचे कण हळूहळू पुन्हा शिस्तीत बसू लागतात आणि पाव ताठर होतो. फ्रिजच्या गारव्यात ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणून पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. पुन्हा तापवला की ती घडी मोडते, पाव काही वेळ मऊ होतो. फ्रेंच बेकरीवाल्यांनी हे ओळखून कालच्या क्रॉसाँत बदामाचे सारण घातले, पुन्हा भाजला, आणि ताज्यापेक्षा चढ्या भावाने विकला.

आमच्याकडे संध्याकाळी बेकरीतला पोरगा हळूच म्हणतो, "कालचे आहेत सर, अर्ध्यात घेऊन जा ना जी." अशा वेळी सहा घ्यावेत. एक वाटी पाण्यात अर्धी वाटी साखर विरघळवून एक उकळी काढावी. दिवाळीच्या दिवसांत नागपुरात आंबिया बहाराची संत्री येऊ लागतात. त्यातल्या एकाची साल किसून त्या पाकात टाकावी. फक्त वरचा केशरी भाग किसावा, आतला पांढरा कडू असतो. पाक निववावा. मग लोणी, साखर आणि बदामाची पूड प्रत्येकी शंभर ग्रॅम घेऊन फेसावी. त्यात दोन अंडी आणि चमचाभर मैदा. अंडी चालत नसतील तर खवा, बदामाची पूड आणि थोडे दूध यांचे घट्ट सारण करावे. करंजीचे ओल्या नारळाचे कोरडे परतलेले सारणही शोभते. क्रॉसाँ दातेरी सुरीने आडवा उघडावा, आतून पाक लावावा, सारण पसरावे, मिटावा, वरही थोडे सारण आणि बदामाचे काप. १८० अंशांवर पंधरा-वीस मिनिटे, कडा सोनेरी होईपर्यंत. ताजा क्रॉसाँ या पाकाने लगदा झाला असता. शिळा तो पिऊन घेतो आणि उभा राहतो. उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसवर असताना, नागपूरकराने लोण्याच्या घड्या घरी घालण्याच्या फंदात पडू नये. दुसरी भाजणी मात्र बाराही महिने जमते.

इथे लेख संपवला असता तर तो पाककृतीच्या पानावर शोभला असता. पण शिळ्याचा विषय नागपुरात असा गोड करून आवरता येत नाही.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत शिळ्याला तिसरीही एक वाट होती. घरात नको झालेले दुसऱ्याच्या पदरात टाकायचे, आणि त्याला दान म्हणायचे. आमच्या शेजारी एका आजींनी घरकाम करणाऱ्या मावशींपुढे कालच्या पोळ्यांची चवड धरली. मावशी शांतपणे म्हणाल्या, "आजी, शिळं आमच्या घरी कोणी खात नाही जी. ताजं असन तं द्या." आजी गप्प झाल्या. त्या वाक्यामागे केवढा इतिहास उभा होता! १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना उष्टे-शिळे तुकडे सोडायला सांगितले होते. मागून आणलेल्या शिळ्या भाकरीवर गावगाड्याने त्यांना शतकानुशतके जगवले होते, आणि त्याच भाकरीने खाली ठेवले होते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखो लोकांनी दुसरा जन्म घेतला. दीक्षाभूमी धरमपेठेपासून फार दूर नाही. दर दसऱ्याला गावोगावचे लोक तिथे लोटतात. त्यांच्यानंतर वीस दिवसांनी आपली दिवाळी येते.

म्हणजे कालचे अन्न दोन प्रकारचे. जे आपण हात राबवून पुन्हा उभे करतो आणि आपल्याच ताटात वाढून घेतो, ते मलिदा, टोस्ट, बदामी क्रॉसाँ. आणि जे आपल्याला खाववत नाही म्हणून दुसऱ्याला देतो, ते शिळे. फरक पिठात नाही, तासांतही नाही, पंगतीत आहे. पॅरिसच्या बेकरीवाल्याने कालचा माल चढ्या भावाने विकला, कारण त्यात त्याने नवी मेहनत घातली होती. मेहनत न घालता नुसते पुढे सरकवलेले कोणी नाकारले, तर तो उद्धटपणा नव्हे, शहाणपण आहे.

त्या आजींनी नंतर काय केले ते सांगतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने सहा चंद्रकोरी पुन्हा भाजल्या. घरची माणसे पाच. सहावी बशी मावशींची होती, तशीच चिनी मातीची, त्याच टेबलावर. आजी म्हणाल्या, "कालचं आहे गं, पण आम्हीही तेच खातोय." मावशींनी एक घास घेतला, पदराने साखर पुसली आणि विचारलं, "यात संत्र्याची साल टाकली का जी?"