यू-०१०० : तक्रार कुणाची, कुणाविरुद्ध?

इंजिन व्यवस्थित चालू असतं आणि आरपीएमचा काटा शून्यावर पडलेला असतो. एबीएस, स्टिअरिंग, चेक इंजिन असे सगळे दिवे एकदम लागतात. चाक खड्ड्यातून गेलं की काटा पुन्हा उभा राहतो आणि मालक म्हणतो, "बघा, आता बरोबर आहे." अशी गाडी आली की जुन्या मिस्त्रीचा हात आपोआप बॉनेटकडे जातो. नेटवर्कचे फॉल्ट काढणारा इलेक्ट्रिशियन आधी स्टिअरिंगखाली वाकतो, तिथल्या सोळा पिनांच्या सॉकेटात स्कॅनर लावतो आणि मिळालेले कोड कागदावर उतरवतो. कोणता कोड कोणत्या मॉड्यूलने नोंदवलाय, तेही शेजारी लिहितो. हा दुसरा रकाना लिहिणारे कमीच.

वास्तविक सगळी मेख त्या रकान्यातच असते. 'यू'ने सुरू होणारा कोड हा बहुतेक वेळा कुणीतरी कुणाविरुद्ध केलेली तक्रार असतो. यू-०१०० म्हणजे इंजिनाच्या ईसीएमकडून काही ऐकू येत नाही, असं दुसऱ्या एखाद्या मॉड्यूलने लिहून ठेवलेलं. यू-०१२१ म्हणजे तेच, एबीएसबद्दल. शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी लागली, तर पोर आजारी होतं, त्याची एसटी चुकली की त्याने दिलेली हाक मास्तरांनाच ऐकू गेली नाही, हे पटावरून कळत नाही. तरीही कोडमध्ये ज्याचं नाव आलं तो भाग बदलायचा, ही खोड गॅरेजांत घट्ट बसलीय. नवं मॉड्यूल महाग, त्याचं कोडिंग वेगळं, आणि पंधरवड्याने दिवे परत लागलेले.

ही मॉड्यूलं ज्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात ती 'कॅन'. बॉश कंपनीत १९८३मध्ये तिच्यावर काम सुरू झालं, फेब्रुवारी १९८६मध्ये ती डेट्रॉईटला वाहन अभियंत्यांच्या परिषदेत मांडली गेली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, सगळ्यांना सामाईक. लाईन शांत असते तेव्हा दोन्हींवर अडीच व्होल्टच्या आसपास. बोलणं सुरू झालं की एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. ऐकणारं मॉड्यूल फक्त दोघींमधला फरक बघतं. इग्निशनचा किंवा अल्टरनेटरचा उपद्रव दोन्ही तारांवर जवळपास सारखाच होतो, म्हणून फरकात तो उरत नाही. पीळ असतो तो त्यासाठी. दुरुस्ती करताना वीतभर पीळ सोडून वर टेप गुंडाळणाऱ्याला हे बहुधा कुणी सांगितलेलं नसतं.

लाईनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, पुष्कळदा मॉड्यूलच्या पोटातच. दोन्ही समांतर, त्यामुळे बॅटरीची तार काढून सॉकेटातल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांना मल्टीमीटर लावला की ६० ओहम दिसायला हवेत. १२० आले तर एक टोक कुठेतरी सुटलंय. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्यात. ज्या गाड्यांत सॉकेटच्या मागे गेटवे बसवलेला असतो तिथे मात्र हा आकडा गेटवेपर्यंतच खरा. पलीकडच्या लाईनी त्यांच्या कपलरवर जाऊन मोजाव्या लागतात.

ऐन पावसाळ्यात आलेल्या वरच्यासारख्याच एका गाडीचं उदाहरण घ्या. एबीएस, स्टिअरिंग आणि डॅशबोर्डचा मीटर या तिघांनी ईसीएमविरुद्ध लिहिलेलं, आणि ईसीएमने त्या तिघांविरुद्ध. दुसरा रकाना वाचला की दोन तट दिसतात: एकीकडे एकटा ईसीएम, दुसरीकडे बाकीचे. एकाच वेळी तिघं बिघडण्यापेक्षा दोन तटांमधली तार खराब असण्याची शक्यता केव्हाही जास्त. पण सॉकेटाला लावलेला मल्टीमीटर ६० दाखवत होता. इथे बरेच जण मल्टीमीटर पेटीत टाकतात. इलेक्ट्रिशियनने तो तसाच लावून ठेवला आणि वायरिंगचा जुडगा हाताहाताने हलवत पुढे सरकला. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून जुडगा जिथे आत येतो, तिथे आकडा उडी मारून १२० झाला. जुडगा त्याच स्थितीत धरून ठेवायला पोराला सांगितलं आणि ईसीएमचा कपलर काढला. आकडा १२०च. म्हणजे ईसीएमकडचं टोक मीटरला आधीपासूनच दिसत नव्हतं. टेप सोलल्यावर आत उंदराने कुरतडलेलं प्लॅस्टिक, हिरवं पडलेलं तांबं आणि दोन-तीन धाग्यांवर तगलेली तार. आधीच्या गॅरेजने ईसीएम बदलायचा अंदाज दिला होता.

गप्प मॉड्यूलवर चटकन आळ घेऊ नये, याला आणखी एक कारण 'कॅन'च्या रचनेतच आहे. प्रत्येक मॉड्यूल स्वतःच्या चुका मोजत असतं. संदेश पाठवताना चूक झाली की मोजणीत साधारणपणे ८ वाढतात, नीट गेला की १ कमी होतो. मोजणी १२७च्या वर गेली की ते दुसऱ्यांचं बोलणं तोडू शकत नाही. २५५च्या वर गेली की लाईनीवरून आपणहून बाजूला होतं. तेव्हा गप्प बसलेलं मॉड्यूल ठणठणीत असू शकतं आणि खराब तारेपायी शिक्षा भोगत असू शकतं. गंमत म्हणजे, तार तुटून पार एकटं पडलेल्याला एवढी शिक्षा नाही. पोचपावती देणारं कुणी नसलं, तर त्याची मोजणी वाढायची थांबते आणि ते बोलत राहतं.

आणि कधी नेटवर्कचा काही संबंधच नसतो. सेल मारताना मरगळलेल्या बॅटरीचा व्होल्टेज इतका खाली जातो, की अर्धा डझन मॉड्यूलं एकमेकांविरुद्ध तक्रारी लिहून मोकळी होतात. नाहीतर एखाद्याचं अर्थिंग गंजलेलं असतं. अशा अर्थिंगच्या तारेवर मल्टीमीटर सगळं ठीक सांगतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. टेस्ट लॅम्प लावला की तो मिणमिणतो आणि खरं कळतं.

उंदराच्या गाडीत तुटका भाग कापून नवी तार जोडली, पीळ पुन्हा घातला, हीट-श्रिंक चढवली, जुडगा बांधला. कोड पुसून गाडी स्पीडब्रेकरांवरून फिरवून आणली आणि परत स्कॅन केली. एकही यू-कोड आला नाही. घासाघीस झाली ती बिलावर. फूटभर तारेचे एवढे पैसे कसे, असं मालकाचं म्हणणं. इलेक्ट्रिशियनने तारेपुढची रक्कम खोडून शून्य केली, ती 'तपासणी'पुढे मिळवली आणि एकूण आकडा होता तोच ठेवला.