परीक्षकाचा कान

आमच्या महाविद्यालयाच्या भाषाकक्षात एक जुना अँप्लिफायर आहे. त्याच्या बरोबरीचे टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेले; हा मात्र टिकला. गेल्या उन्हाळ्यात त्याला एक बिनतारी ध्वनिग्राहक, म्हणजे ब्लूटूथ रिसीव्हर, जोडण्याचे काम आम्हां दोघांकडे आले. मराठीच्या अध्यापकांकडे ते का यावे, हा प्रश्न रास्त आहे. कक्षाची किल्ली आमच्याकडे होती, एवढेच त्याचे उत्तर.

रिसीव्हरच्या खोक्यावर कोडेकांची नावे छापलेली होती : एसबीसी, एएसी, एलडॅक. कोडेक म्हणजे एका टोकाला ध्वनीची घडी घालणारी आणि दुसऱ्या टोकाला ती उलगडणारी रीत. सीडीवरच्या ध्वनीला सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट लागतात. एसबीसी त्याच्या नेहमीच्या चांगल्या मांडणीत तो ३२८ किलोबिटांत बसवतो, एलडॅक जास्तीत जास्त ९९० घेतो. इतकी लहान घडी घालायची तर काही टाकून द्यावेच लागते. काय टाकावे, याचा हिशेब अशा रीतींमध्ये बहुधा एका गृहीतावर चालतो : जे गेले तरी ऐकणाऱ्याला चुकल्यासारखे वाटणार नाही, ते टाकावे.

हे गृहीत आम्हांला अनोळखी वाटले नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, असे परंपरा मानते, साल १२९०. सांगणे कागदावर उतरताना त्यातले केवढे तरी गळून जाते. आपली लिपी आजही ‘जग’ हा शब्द एकाच तऱ्हेने लिहिते. मग ते विश्व असो की ‘तू जग’ असे सांगणे असो. दोन्हींतल्या ज-काराचा भेद अक्षरात नाही. तो वाचणाऱ्याच्या कानात असतो आणि वाचताना तिथूनच भरून घेतला जातो. ज्याच्या कानात तो मुळातच नाही, त्याला तो गळाल्याचे कळतही नाही.

सुटी संपवून परतलेल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी आम्हांला मोजमापाची पद्धत दाखवली. १००० हर्ट्झचा एक शुद्ध सूर रिसीव्हरमधून पाठवायचा, दुसऱ्या टोकाला तो पुन्हा नोंदवून घ्यायचा आणि त्यात किती विकृती मिसळली, शांततेच्या जागी किती खरखर उरली, हे पाहायचे. आमचा रिसीव्हर या परीक्षेत उत्तीर्ण झाला. तरी आम्ही हट्टाने म्हटले, सूर पुरे. माणसाचा आवाज ऐकू या. संगणकात २०२१ सालच्या मौखिक परीक्षांच्या नोंदी पडून होत्या. टाळेबंदीच्या काळात त्या परीक्षा आम्ही घरी बसून, कानांना बिनतारी हेडसेट लावून घेतल्या होत्या. त्यांतली एक नोंद सहज लावली.

आवाज एका विद्यार्थिनीचा होता. ती अकोले तालुक्यातली, भंडारदऱ्याच्याही वरच्या अंगाच्या एका वाडीवरची. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून ती टेकाडावर जाऊन बसे. नोंदीत मागे वारा ऐकू येत होता. त्या वाऱ्यातही तिचा स-कार लख्ख होता. च आणि ज यांचे दोन-दोन उच्चार तर तिने आमच्यापेक्षा काटेकोर राखले होते. आम्ही एकमेकांकडे पाहिले. तिच्या गुणपत्रकावर आम्ही काय लिहिले होते, ते दोघांनाही आठवत होते. कपाटातून कागद काढून खात्री तेवढी केली : ‘स-कार अस्पष्ट, च-ज सदोष.’ दहांपैकी दोन गुण कापलेले.

नोंद चुकीची की आमचा शेरा चुकीचा? तो जुना हेडसेट शोधून काढला आणि तीच नोंद तीन प्रकारे ऐकली. तारेच्या हेडफोनमधून स स्वच्छ. त्या हेडसेटमधून नुसती नोंद वाजवली, तरी स जवळजवळ तितकाच स्वच्छ. मग परीक्षेच्या दिवशी होता तसा हेडसेटचा मायक्रोफोन चालू केला, आणि तिचा स बोथट झाला. कुठे फ-सारखा, कुठे नुसताच फुसका. च-कारातले घर्षण गेले. आमचा शेरा तंतोतंत खरा ठरला; फक्त तो तिच्याविषयी नव्हता.

कारण सहकाऱ्यांनी सांगितले. असा हेडसेट नुसते ऐकवतो तेव्हा संगीताच्या मार्गाने चालतो. मायक्रोफोन चालू होताच तो संभाषणाच्या मार्गावर उतरतो. त्या मार्गाच्या जुन्या पद्धतीत सेकंदाला ध्वनीचे फक्त ८००० नमुने घेतले जातात. नमुन्यांच्या निम्म्याहून वरची वारंवारता टिकू शकत नाही, हा गणिताचा नियम आहे. म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचे सारे जाते. नव्या पद्धतीत ही मर्यादा ८००० हर्ट्झपर्यंत वाढली आहे, पण आमचा हेडसेट जुना होता. श-काराचे घर्षण बरेच खालून सुरू होते, म्हणून तो थोडाफार तग धरतो. स-काराचे बरेचसे बळ असते ४००० हर्ट्झच्या वर. आणि १००० हर्ट्झचा तो शुद्ध सूर? तो या अरुंद वाटेतूनही पोचतोच. त्याच्यावरच विसंबलो असतो, तर हेडसेटमध्ये काही खोट आहे हे आम्हांला कधी कळलेच नसते.

इथवर दोष यंत्राचा म्हणता आला असता. पण त्याच दिवशी, त्याच हेडसेटवर, आम्ही नगर शहरातल्या एका विद्यार्थ्याचीही परीक्षा घेतली होती आणि त्याच्या उच्चारांना पूर्ण गुण दिले होते. त्याची नोंद त्याच मार्गाने ऐकली. त्याचाही स तितकाच गेलेला होता. त्याची बोली आमच्या ओळखीची, म्हणून गळालेला स आम्ही आमच्या पदरचा घातला होता. डोंगरातल्या मुलीच्या बोलीकडून दोषाचीच अपेक्षा होती, म्हणून गळालेली जागा आम्ही दोषाने भरली. कोडेकने दोघांवर सारखाच अन्याय केला. भेदभाव आमचा होता.

तिला फोन केला. ती आता एका आश्रमशाळेत शिकवते. सगळे सांगितले, क्षमा मागितली. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “सर, गुणांचं काही नाही हो. पण तेव्हापासून मी चारचौघांत मोठ्यानं वाचत नाही. मुलांना कविता म्हणून दाखवायची वेळ आली की दुसऱ्या बाईंना बोलावते.” यावर आम्हांला बोलता आले नाही.

कोडेकची पारख केवळ यंत्रांनी होत नाही, माणसांच्या कानांनीही होते. त्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ठरवून दिलेली एक पद्धत आहे. परीक्षकापुढे एकाच ध्वनीचे अनेक नमुने ठेवतात आणि त्याने प्रत्येकाला शंभरांपैकी गुण द्यायचे असतात. तुलनेसाठी मूळ ध्वनी त्याला हवा तेव्हा ऐकता येतो. नमुन्यांत एक मुद्दाम बिघडवलेला असतो, ३५०० हर्ट्झच्या वरचे सारे कापून टाकलेला. वाईट म्हणजे किती वाईट, हे कळावे म्हणून. त्या दिवशी तिचा आवाज म्हणून आम्ही जे ऐकले, ते या नमुन्याहून फारसे वेगळे नव्हते.

या पद्धतीत आणखी एक तजवीज आहे. नमुन्यांतच मूळ ध्वनीही, नाव न सांगता, लपवून ठेवलेला असतो. जो परीक्षक त्या मूळ ध्वनीलाच वारंवार कमी गुण देतो, त्याने दिलेले सगळे गुण बाद करतात. दोष ध्वनीचा मानत नाहीत, परीक्षकाच्या कानाचा मानतात.

२०२१ चे निकाल केव्हाच लागून गेले. ते दोन गुण आता कोणत्याही नियमाने परत देता येत नाहीत. भाषाकक्षाचे काम पूर्ण झाले आहे. येत्या सत्रात तिने एकदा यावे आणि त्या जुन्या अँप्लिफायरवरून आमच्या वर्गाला काही वाचून दाखवावे, असे आम्ही तिला कळवले आहे. मायक्रोफोन तारेचा असेल, हेही कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.