वर्ग नसता तर?

मार्च जवळ आला की वस्तीत संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या संस्थांचे फोन यायला लागतात. देणगीदार कंपनीला वार्षिक अहवाल पाठवायचा असतो आणि त्यात ‘परिणाम’ नावाचा एक रकाना असतो. तो भरायला मदत करणं हे माझं काम. बहुतेक वेळा तिथे लाभार्थ्यांची संख्या आधीच लिहिलेली असते. हजेरीपटावर नावं असतात, वह्यांची आणि खाऊची बिलं असतात, फोटो असतात. हे सगळं खरं असतं आणि कष्टाने केलेलं असतं. मात्र मूल काय शिकलं हे त्यातून कळत नाही, आणि ते या वर्गामुळे शिकलं का, हे तर नाहीच नाही.

देणगीदारासमोर ठेवायचा आकडा कोणताही असो, त्याने एका प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे: हा वर्ग नसता तर याच मुलांचं काय झालं असतं? दुपारी शाळा भरतेच. मूल वयाने वाढतं, घरात मोठी बहीण शिकवते, कुणी शिकवणीला जातं. जून ते मार्च या काळातली सगळी वाढ आपल्या खात्यावर मांडली, तर त्यात शाळेची आणि बहिणीचीही मेहनत आपण घेतलेली असते.

मोजमापाचं साधन अवघड नाही. ‘प्रथम’ या संस्थेने २००५पासून ‘असर’ या शिक्षण-सर्वेक्षणासाठी वापरलेला एक कागद महाराष्ट्रातल्या असंख्य ताईंच्या हातून गेला आहे. त्यावर अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मुलाला एकटं शेजारी बसवायचं, वाचायला सांगायचं आणि ते कुठपर्यंत पोचतं ते लिहायचं. काही मिनिटांचं काम. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. साधन इतकं सोपं असूनही आकडे फसवतात, कारण चूक बहुधा वाचनाच्या नोंदीत नसते, कोणाची नोंद झाली आणि कोणाची राहिली यात असते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांच्या गावाचा विचार करा. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. समजा, जूनमध्ये अभ्यासवर्गात ४० मुलं होती आणि त्यांतली २० परिच्छेद वाचू शकत होती, म्हणजे ५० टक्के. न वाचणाऱ्यांपैकी १० मुलं आईबापांबरोबर फडावर गेली. मार्चमध्ये उरलेल्या ३० जणांची चाचणी झाली, वाचणारी तीच २०. अहवालात ५० टक्क्यांचे ६७ टक्के झाले, आणि या काळात एकही मूल एक अक्षरही नवं शिकलेलं नाही! यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं. म्हणून जूनची आणि मार्चची सरासरी शेजारी-शेजारी छापू नये असं मी आग्रहाने सांगते. दोन्ही वेळा हजर असलेल्या मुलांचीच तुलना करावी, नाव जुळवून, मूल-मूल घेऊन. आणि गेलेल्या दहांचा उल्लेख त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात असावा. मधेच गेलेलं मूल सर्वांत मागे असण्याची शक्यता जास्त असते, आणि वर्ग मुळात त्याच्यासाठीच सुरू केलेला असतो.

दुसरा प्रश्न मापाच्या पट्टीचा. ‘शाळेचे गुण वाढले का तेवढं सांगा,’ असं कंपन्यांचे अधिकारी हमखास विचारतात. प्रश्न रास्त वाटतो, पण त्याने चांगला वर्गसुद्धा नापास ठरू शकतो. दिल्लीत २०१५ साली झालेला अभ्यास याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांनी ‘माइंडस्पार्क’ केंद्रांचा अभ्यास केला. ही शाळेनंतरची केंद्रं. दीड तासांपैकी निम्मा वेळ मूल संगणकावर स्वतःच्या पातळीचे प्रश्न सोडवतं, निम्मा वेळ छोट्या गटात शिकतं. सरकारी शाळांतली ६१९ मुलं इच्छुक होती. कोणाला प्रवेश मिळणार हे चिठ्ठ्यांच्या पद्धतीने ठरलं, त्यामुळे दोन्ही गट सुरुवातीला सारखे होते. सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, नववीतली साडेचार. जेमतेम साडेचार महिन्यांत चिठ्ठी लागलेल्या मुलांची गणितातली वाढ चिठ्ठी न लागलेल्यांच्या दुपटीहून जास्त झाली, आणि तीही सरासरी हजेरी ५८ टक्क्यांच्या आसपास असताना.

याच मुलांच्या शाळेच्या गणिताच्या परीक्षेत मात्र फरक जवळजवळ दिसला नाही. कारण सरळ आहे. सातवीतलं मूल चौथीच्या भागाकारापासून पाचवीच्या अपूर्णांकांपर्यंत आलं, ही मोठी मजल आहे, पण सातवीच्या प्रश्नपत्रिकेत तिला जागाच नाही. त्या संशोधकांनी प्रत्येक पातळीचे प्रश्न असलेली वेगळी चाचणी घेतली म्हणून ही मजल दिसली. केवळ प्रगतिपुस्तक पाहिलं असतं, तर गणितात हा पैसा वाया गेला असाच निष्कर्ष निघाला असता. आपल्याकडे आठवीपर्यंतच्या मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थांनी हा मुद्दा प्रस्तावातच लिहून ठेवावा, वर्षअखेर समजावत बसू नये.

तुलनेसाठी दुसरा गट कुठून आणायचा, ही खरी अडचण. मुंबई आणि बडोद्यातल्या महापालिका शाळांमध्ये २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’च्या बालसखी कार्यक्रमाची तपासणी झाली. वस्तीतलीच, शाळा शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायची. तो वर्ग शाळेच्या वेळेत होता, शाळेनंतर नव्हे, तरी त्याची रचना शिकण्यासारखी आहे. काही शाळांना बालसखी तिसरीसाठी मिळाली, काहींना चौथीसाठी, त्यामुळे प्रत्येक शाळेला काहीतरी मिळालं आणि तुलनाही करता आली. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो त्या संशोधनात होते. गुण वाढले, सर्वांत मागे असलेल्या मुलांचे सर्वांत जास्त. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने पाहिलं तेव्हा त्या वाढीचा बराच भाग ओसरला होता. हा शेवटचा भाग देणगीदारांना क्वचितच सांगितला जातो. मला तो सर्वांत मोलाचा वाटतो, कारण एका वर्षाच्या निधीवर वर्ग उघडायचा आणि दुसऱ्या वर्षी बंद करायचा या पद्धतीविरुद्धचा तो पुरावा आहे.

छोट्या संस्थेला चिठ्ठ्या काढायला लावण्याचा माझा आग्रह नसतो. पण पाच वस्त्यांत वर्ग उघडायचे असतील आणि यंदा शिक्षिका तीनच असतील, तर उरलेल्या दोन वस्त्यांत जूनमध्येच तोच कागद घेऊन जावं. तिथे पुढच्या वर्षी वर्ग सुरू होणारच आहे, आणि तोवर ती मुलं वर्गाशिवाय वर्षभरात किती पुढे सरकतात हे कळतं. प्रतीक्षा यादीतल्या मुलांचंही तसंच. मुलांना वर्ग नाकारून केलेली तुलना मला मान्य नाही, पण रांग असतेच, तिचा उपयोग करावा.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्याचं उदाहरण मी प्रत्येक प्रशिक्षणात देते. २००५-०६मध्ये तिथल्या गावांत तरुण स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशी वर्गाला येणारी मुलं वर्षभरात स्पष्टपणे पुढे गेली. पण त्या गावांतल्या मुलांपैकी वर्गाला आली सुमारे ८ टक्केच, आणि मुळीच वाचता न येणाऱ्यांतली सुमारे १३ टक्के. आता अहवालात काय लिहायचं? आलेल्या मुलांची प्रगती लिहिली तर शिकवण्याची पद्धत चांगली आहे हे कळतं. गावाचं चित्र लिहिलं तर ती पद्धत बहुतेकांपर्यंत पोचलीच नाही हे कळतं. दोन्ही आकडे एकत्र दिले तरच देणगीदाराला पुढचा पैसा कुठे लावायचा ते समजेल: नव्या पुस्तकांवर नव्हे, घरोघरी जाऊन मुलांना आणणाऱ्या माणसावर.

वाईट आकडा दाखवला तर निधी जाईल ही भीती मी रोज ऐकते, आणि ती निराधार नाही. तरी राजस्थानातल्या भिलवाडा जिल्ह्याकडे पाहावं. तिथे २०१५ ते २०१८ या काळात ‘एज्युकेट गर्ल्स’ संस्थेच्या कामाचा करार असा होता की पैसे मुख्यतः मुलं किती शिकली यावर ठरणार. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस शिकण्याचं तीन वर्षांचं उद्दिष्ट जेमतेम निम्मं गाठलं होतं. हे सगळ्यांसमोर होतं, म्हणून तिसऱ्या वर्षी काम बदललं: मुलांचे गट पातळीनुसार नव्याने केले, सत्रं वाढवली, शाळेत न येणाऱ्यांकडे घरी जाऊन शिकवलं. शेवटी उद्दिष्टाच्या १६० टक्के निष्पत्ती झाली.

या मोजणीला पैसे लागतात, आणि संस्था ते मागायला कचरतात. सामाजिक जबाबदारी निधीच्या नियमांत २०२१पासून परिणाम-मूल्यांकन सक्तीचं झालं, पण ते तीन वर्षांत सरासरी किमान १० कोटींचं दायित्व असलेल्या कंपन्यांना आणि किमान १ कोटीच्या प्रकल्पांना. वस्तीतला अभ्यासवर्ग सहसा त्याच्या खालीच राहतो, म्हणून त्याची तपासणी करायला बाहेरचं कुणी येत नाही. मग पुरावा संस्थेचा स्वतःचाच. प्रशासकीय खर्चावरच्या ५ टक्क्यांच्या मर्यादेचं कारण सांगून बैठकीत हा खर्च खोडला जातो. प्रत्यक्षात ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे, आणि विशिष्ट प्रकल्पाच्या देखरेखीचा व मूल्यमापनाचा खर्च नियमांनीच तिच्यातून वगळला आहे. ते कलम छापून प्रस्तावाला जोडावं. अंदाजपत्रकात जून आणि मार्चच्या चाचण्यांचा, गाव सोडून गेलेल्या मुलांना फोन करून शोधण्याचा आणि नोंदी ठेवणाऱ्या ताईच्या अर्ध्या दिवसाच्या पगाराचा खर्च वेगळ्या ओळीत, नाव घालून लिहावा.