मोहरी, पपनस आणि मधलं काहीच नाही

शाळेच्या पुस्तकातलं सूर्यमालेचं चित्र आठवून पाहा. डावीकडे अर्धा सूर्य आणि त्याच्यासमोर पंगतीला बसल्यासारखे सगळे ग्रह. बुधाचा खांदा शुक्राला लागलेला, शनीची कडी गुरूला टेकायच्या बेतात. चित्रकाराला बोल लावण्यात अर्थ नाही. आकारही दिसावेत आणि अंतरंही खरी असावीत, हे दोन्ही एका पानावर मावतच नाही. पान २० सेंटिमीटर रुंद धरून सूर्य ते नेपच्यून नीट मापात काढायचं म्हटलं, तर सूर्यच केसाच्या जाडीएवढा होतो. पृथ्वी तर भिंगातूनही दिसायची नाही.

म्हणून हा धडा वर्गात शिकवूच नये, असं माझं मत आहे. मुलांना बाहेर काढावं आणि चालवावं.

माप सोपं घ्यावं: १०,००० किलोमीटर म्हणजे १ मिलिमीटर. या मापाने सूर्य होतो १४ सेंटिमीटरचा. गणपतीच्या दिवसांत बाजारात पपनसं येतात, त्यांतलं एक मध्यम बघून घ्यावं. पृथ्वी आणि शुक्र मोहरीएवढे, मंगळ खसखशीएवढा, बुध त्याहूनही बारीक. गुरूला एक गोटी लागते, शनीला किंचित लहान गोटी, आणि युरेनस-नेपच्यूनला ज्वारीचे दोन दाणे. स्वयंपाकघरातून सगळी सूर्यमाला निघते, आणि मुलांना हे भारी आवडतं. मोहरी मात्र पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवून न्यावी; हातून मातीत पडली की पृथ्वी पुन्हा सापडत नाही.

मग चालायला लागायचं. पपनसापासून सहा मीटरवर बुध, अकरावर शुक्र, पंधरावर आपण. इथे मुलांना थांबवावं, मागे वळून पपनसाकडे पाहायला सांगावं. पंधरा मीटरवरून ते जेवढं दिसतं, तेवढाच आकाशातला सूर्य दिसतो. पडताळायला सूर्याकडे बघू नये. पौर्णिमेचा चंद्र जवळपास तेवढाच दिसतो, त्याच्याशी ताडून पाहावं. माप खरं आहे याची याहून चांगली साक्ष नाही, आणि ती देणारा मास्तर नसून मुलाचा स्वतःचा डोळा असतो.

चंद्र या मोहरीपासून चार सेंटिमीटरवर. चांद्रयान-३ घिरट्या घेत घेत चाळीस दिवसांनी जिथे उतरलं, ते इथे. माणूस आजवर घरापासून जास्तीत जास्त लांब गेला तोही या चार सेंटिमीटरांच्या आसपासच. हे सांगितलं की मुलं एकदम गप्प होतात, मग एखादं हळूच पुठ्ठ्यावर बोट ठेवून अंतर मोजून बघतं.

मंगळापर्यंत उत्साह टिकतो. पुढे गुरू येतो ७८ मीटरवर, आणि शहरातल्या बऱ्याच शाळांचं मैदान त्याच्या अलीकडेच संपतं. शनी १४३ मीटरवर, म्हणजे फाटकाबाहेर. युरेनस २८७ मीटरवर. आता ‘सर, अजून किती?’ सुरू होतं. रांग मोडते, कोणी दगडाला लाथा मारत चालतं, कोणाला तहान लागते. नेपच्यूनचा ज्वारीचा दाणा ठेवायचा ४५० मीटरवर. मुलं कंटाळतात. कंटाळू द्यावीत. अवकाशाबद्दल जे शिकवायचं ते या कंटाळ्यातच आहे: दोन दाण्यांच्या मधे दीडशे-दीडशे मीटर काही म्हणजे काहीच नाही. गाणी म्हणून, कोडी घालून ती पोकळी भरण्याचा मोह शिक्षकाने आवरला पाहिजे.

आणि ही पोकळी न पचणारी आपली मुलंच पहिली नव्हेत. डेन्मार्कचा टायको ब्राहे हा दुर्बिणीच्या आधीच्या काळातला सर्वांत काटेकोर निरीक्षक. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने ताऱ्यांच्या जागा थोड्या सरकलेल्या दिसायला हव्यात, हे त्याला ठाऊक होतं. अंगठा समोर धरून एकेक डोळा मिटला की अंगठा सरकल्यासारखा दिसतो, तसंच. त्याला काहीच सरकलेलं दिसेना. मग एक तर पृथ्वी स्थिर, नाहीतर तारे शनीच्या निदान ७०० पट लांब! एवढी जागा देव उगाच रिकामी कशाला सोडेल, म्हणून त्याने पृथ्वीच स्थिर ठेवली. त्याचं निरीक्षण चोख होतं. धीर झाला नाही तो रिकाम्या जागेचा. ताऱ्याचं ते सरकणं अखेर १८३८ साली बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याबाबत मोजून दाखवलं. सर्वांत जवळचा तारा शनीच्या सुमारे २८,००० पट लांब आहे.

तो आपल्या मापात कुठे ठेवायचा? नेपच्यूनपाशी दमून बसलेल्या मुलांना हा प्रश्न जरूर विचारावा. पुढच्या चौकात, एसटी स्टँडवर, फार तर तालुक्याच्या गावी, अशी उत्तरं येतात. सूर्याला सर्वांत जवळचा हा तारा, प्रॉक्सिमा, ठेवायचा चार हजार किलोमीटरवर. पपनस मुंबईत ठेवलंत, तर हा तारा साधारण सिंगापुरात. आकाराने लहानशा आवळ्याएवढा. आणि खऱ्या अवकाशात मधे समुद्र नाही, गावं नाहीत.

प्रकाशही या मापात सेकंदाला तीन सेंटिमीटर सरकतो, मुंगीच्या चालीने. पपनसावरून निघालेल्या मुंगीला मोहरीपर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. नेपच्यूनला चार तासांहून अधिक. सिंगापूरला सव्वाचार वर्षं. प्रकाशवर्षाची व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांना एकदा मैदानावरच्या मुंगीमागे पंधरा मीटर चालवावं, मग व्याख्येचं बघता येईल.

शिक्षकांना, आणि सुट्टीत नातवंडं सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही, एवढीच विनंती: तास संपत आला, ऊन वाढलं, फाटकाबाहेर जायची परवानगी मिळाली नाही, म्हणून शनीला आत ओढून घेऊ नका. गुरूपर्यंतच जा, उरलेले ग्रह दुसऱ्या दिवसावर ठेवा. मापात मात्र काटछाट करू नका.