चैत्यभूमीपुढचे पाणी

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलेल्या माणसाला समुद्र दिसतो तो रांगेतून, माणसांच्या डोक्यांवरून. आम्ही कर्वेनगरची मंडळी वर्षानुवर्षे असेच गेलो. यंदा आईच्या गुडघ्यांना रांग झेपेना, म्हणून मे महिन्यात सहकुटुंब गेलो. वंदना करून वाळूवर बसलो. धाकटीने विचारले, "या पाण्याचे नाव काय?" आम्ही म्हणालो, अरबी समुद्र. "मग पलीकडे जमीन कशी दिसते?"

पोरीचे बरोबर होते. डाव्या हाताला वरळीचे टोक, उजव्या हाताला वांद्र्याचे, आणि मध्ये कोयत्यासारखे वळलेले पाणी. हा माहीमचा उपसागर. शाळेत शिकलेला बंगालचाही उपसागर आणि एका नजरेत मावणारा हाही उपसागरच! मुंबई सात बेटांची होती तेव्हा वरळी आणि माहीम ही वेगळी बेटे होती. वांद्र्याच्या टोकावर पोर्तुगीजांनी १६४० साली किल्ला बांधला. वरळीच्या टोकावरही किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशी कोळीवाडा. विहार आणि पवई तलावांकडून येणारी मिठी नदी माहीमच्या खाडीतून इथेच समुद्राला मिळते. नाव मिठी, पाणी काळे. २६ जुलै २००५ च्या पुरात याच नदीने काठच्या वस्त्यांची दैना केली.

माहीम हे नाव माहिकावतीवरून आले म्हणतात, वांद्रे बंदरावरून. दादर म्हणजे तर जिना. समोरचा पूल २००९ साली सुरू झाला. पाटीवर राजीव गांधी सागरी सेतू, लोकांच्या तोंडी सी-लिंक. आम्हांला याचे नवल नाही. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आश्रम हिंगण्याला आणला, पुढे त्यांच्या नावाने कर्वेनगर झाले, तरी जुनी माणसे अजून हिंगणेच म्हणतात.

आम्ही बसलो होतो ती जागाही एके काळी नुसती दादरची चौपाटी होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर इथे अंत्यसंस्कार झाले, आणि आता खेड्यापाड्यातला माणूसही दादरला जातो न म्हणता चैत्यभूमीला जातो म्हणतो. दादर स्टेशनलाही हेच नाव द्यावे, ही मागणी जुनी आहे.

आई म्हणाली, "इतकी वर्षे आले, पण पाण्याकडे पाठ करूनच." मग तिने नातीकडून वरळी, माहीम, मिठी, वांद्रे ही नावे दोनदा म्हणवून घेतली. घरी गेल्यावर शेजारणीला सांगायची होती.